निरोपाचे अकरा सेकंद

चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी जुन्या सिनेमांवरचे ओरखडे कॉम्प्युटरवर पुसते. सध्या नव्वद वर्षांपूर्वीचा एक इजिप्शियन प्रेमपट आलाय. शेवटी नायिका खिडकीतून प्रियकराला निरोप देते. तिथला अकरा सेकंदांचा आवाज कायमचा गेलाय. नुसते ओठ हलतात.

आई नऊ वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती ओठ वाचते, तेही फक्त मराठी. त्या दुपारी ती माझ्या शेजारी मेथी निवडत बसली होती.

"ही कुठलं दार लावायला सांगतेय?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. तिच्याकडे तोंड करून म्हटलं, "आई, ती अरबी बोलतेय गं."

"मला मराठी कळत नाही होय? 'क्षितिजा, दार लाव' म्हणाली. तुझंच नाव घेतलं."

मी तेच अकरा सेकंद पुन्हा लावले. त्यातली एकेक फ्रेम मी माझ्या हातानं साफ केली होती. आईच्या हातातली जुडी खाली पडली.

"आता काय म्हणाली?"

"म्हणते, तुझ्या आईला ऐकू येतंय."

मी लॅपटॉप मिटला. घरात एवढं शांत झालं की खालच्या रिक्षांचाही आवाज येईना.

मी पुन्हा तिच्याकडे तोंड केलं. "बंद केलं, आई. गेली ती."

आई माझ्या ओठांकडे बघतच नव्हती. तिनं दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून धरले होते.

"तिला सांग गं," ती कळवळून म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं नको रडूस म्हणावं."