अजून मरायचंय

चौऱ्याऐंशी सालच्या गणपतीत वाशीच्या आमच्या नव्या सोसायटीत जयप्रकाशने हिंदी सिनेमाची टर उडवणारा एक नाच बसवला होता. हिरो तोच. व्हिलनची गोळी लागली की त्याने आईच्या मांडीवर येऊन मान टाकायची, आणि लोक हळहळायच्या आत टुणकन उठून पुन्हा नाचत व्हिलनसमोर जायचं. पुन्हा गोळी, पुन्हा मांडी.

आईचं काम करणारी सुमेधा ऐनवेळी तापाने झोपली. एरवी दारावर मासळी विकायला येणाऱ्या यशोदाबाई दर्शनाला आल्या होत्या, जयप्रकाशने त्यांनाच गळ घातली. "मावशी, नुसतं मांडी घालून बसायचं. बोलायचं काही नाही."

त्या बसल्या. पहिल्या गोळीला जयप्रकाश त्यांच्या मांडीवर कोसळला, तंगड्या झाडून मेला आणि उठला. मंडपात शिट्ट्या! तो पळणार, तोच यशोदाबाईंनी त्याचं मनगट धरलं. तो ओढतोय, त्या सोडत नाहीत. लोकांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे. खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले सगळे. विंगेत टेपरेकॉर्डरपाशी बसलेला मीसुद्धा.

"अहो मावशी, सोडा ना. अजून मरायचंय मला," तो दबक्या आवाजात म्हणाला.

 

"माजा पोरगा धर्मराज रबाल्याच्या कंपनीत पडला, तो उठलाच नाय रं. तू उठलास ना? मंग आता नको जाऊ."