तुलनेचा तुकडा

खड्ड्यातली गांडुळं तिनं दुसऱ्यांदा मोजली. एकोणीस. बांधापलीकडच्या तुकड्यात वीस होती. तिचं धाबंच दणाणलं.

काकांच्या शेतावर कृषी खात्यातर्फे तिचा तीन वर्षांचा प्रयोग होता. एका तुकड्यात कुजलेलं खत, पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि कीड खरंच वाढली तरच औषध. शेजारच्या तुकड्यात शेतमालक काकांनी जुन्या रीतीनं दर आठवड्याला फवारायचं, म्हणजे तुलना करता येईल. आणि निकाल काय, तर दोन्ही सारखे! दुपारी खात्याचे मोठे साहेब यायचे होते. फरक दिसला नाही तर प्रयोग बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"गांडूळबाई, चहा घ्या आधी," काकू म्हणाल्या. सगळी वस्ती तिला याच नावानं हाक मारायची.

"काकू, माझं काहीतरी साफ चुकलं. इतकं फवारूनही ही माती एवढी जिवंत कशी?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "बोला की आता! तोंडाला कुलूप लावलंय का?"

काकांनी मान खाली घालून अवजारांच्या खोलीचं दार उघडलं. फळीवर गेल्या दोन वर्षांच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"पण वहीत तर दर सोमवारी 'फवारणी केली' लिहिलंय!"

"लिहिलंय खरं. ही पोर मला शेती शिकवणार का, असं चारचौघांत बोलून बसलो होतो. मग कुठल्या तोंडानं सांगू? पण पहिल्या वर्षानंतर तुमच्या तुकड्यातली माती हातात घेतली आणि पटलं. फवारा सोडला तसा हिचा खोकलाही गेला. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, बाई. आणि मीच तुमचा प्रयोग बुडवला."

तिला रागवायचं होतं. डोळेच भरून आले. "काका, एवढी मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिली नाही."

मग तिनं फावडं उचललं. जुन्या रीतीनं फवारणारं दुसरं एखादं शेत मिळालं, तर तिथली माती तुलनेला चालली असती. काकाही सोबत निघाले. पहिल्याच बांधावर शेजारी हसला. "कुंपणावरून सगळं दिसतं हो, काका. तुम्ही थांबलात, म्हणून आम्हीही थांबलो." दोघं पुढच्या बांधावर गेले. मग त्याच्या पुढच्या.

साहेब आले तेव्हा दोघं घामाघूम होऊन बसले होते.

"कुठाय तुलनेचा तुकडा?" साहेबांनी विचारलं.

"सगळं शिवार हिंडलो, साहेब," काका म्हणाले. "एकही उरला नाही."