कट्टर विरोधक

आळेफाट्याजवळच्या आमच्या गावात मच्छिंद्रच्या उसात बिबट्या शिरला आणि त्याची शेळी गेली. गावचा सरपंच सुदर्शन म्हणजे त्याचा चुलतभाऊच. सुदर्शननं दुसऱ्याच दिवशी धावपळ करून वनखात्याचा पिंजरा आणून लावला.

मच्छिंद्रनं गावच्या ग्रुपवर लिहिलं, 'पिंजरा चुकीच्या जागी. निष्क्रिय सरपंचांनी राजीनामा द्यावा.' चार दिवसांनी त्याच पिंजऱ्यात बिबट्या सापडला. त्यावर त्यानं लिहिलं, 'हा तो बिबट्या न्हाईच. जनतेची घोर फसवणूक.'

ते वाचून विरोधी पक्षाचा तालुकाध्यक्ष थेट त्याच्या ओट्यावर येऊन बसला. "भाऊ, लई धारदार लिहिता. आमच्या पक्षात या, पुढच्या वेळी सरपंचपदाला तुमालाच उभं करतो."

मच्छिंद्र ओशाळला. "आवो, मला राजकारणातलं काय कळत न्हाई. सुदर्शनच्या पोरीच्या साखरपुड्यात समद्या भावकीला फेटं बांधलं, मला तेवढं इसारले. तवापासनं डोकं फिरलंय."



तालुकाध्यक्षानं आनंदानं त्याचा हात धरला. "मग तर तुमी आमचेच! आमच्या साहेबांनी तरी जुना पक्ष कशापायी सोडला? स्टेजवर त्यांची खुर्ची ठेवली न्हाई म्हणून."