बापाचं दूध

"दोघांपैकी एकाचं दूध कमी पडतंय," बाळाला वजनकाट्यावरून उचलत परिचारिका म्हणाली.

"माझंच असेल." हेमांगीने मान खाली घातली. "दिवसभर हेच अंगावर पाजतात. मी फक्त कामावरून आल्यावर."

तिचा नवरा निळकंठ बाळाचं दुपटं घडी घालू लागला. महिन्यापूर्वी त्याच्या शर्टावरचा दुधाचा डाग पाहून मित्रांनी विचारलं होतं, "काय रे, आज किती लिटर?" त्या दिवसापासून त्याने दूध येण्याचं इंजेक्शन चोरून बंद केलं होतं. बाळ रडलं की तो साखरपाणी पाजायचा.

"उद्यापासून मी अळिवाची खीर जास्त खाते," हेमांगी म्हणाली.

"तुझं कमी नाही. माझंच आटलंय," तो कसाबसा म्हणाला. "मीच आटवलं."

परिचारिका बाळ त्याच्याकडे देऊ लागली. हेमांगीने ते मधल्यामध्ये घेतलं.