गोदाबायचा फ्लेक्स

आधार कार्डावरची गोदाबाय पाकीट मारताना सापडल्यासारखी दिसत होती. फ्लेक्सवाल्या सुदेशने तो फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि लगेच पुन्हा लहान केला.

"दुसरा नाही का, पंढरीशेठ?"

पंढरीशेठकडे दुसरा नव्हता. आईचं उद्या तेरावं, आणि आज संध्याकाळपर्यंत मानपाडा नाक्यावर तिचा वीस फुटी फ्लेक्स लागायला हवा होता. गावात शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो. पंढरीच्या आईचा लागणार नाही म्हणजे काय?

सकाळपासून त्याने आणि त्याच्या मुलीने, भावनाने, घरातले सगळे अल्बम आणि सगळ्यांचे फोन पालथे घातले होते. गोदाबाय प्रत्येक लग्नात होती आणि एकाही फोटोत धड नव्हती. कुठे नुसतं कोपर, कुठे हललेला चेहरा, कुठे नाकाला पीठ. लग्नघराची भिंत लिहायचा मान तिचा. त्यांच्यात चित्र काढत नाहीत, लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून ती सूर्य-चंद्र लिहायची, ताडाची झाडं, घोड्यावरचा नवरा लिहायची, आणि एकदा हात सुटला की मनात येईल ते लिहायची. फोटोग्राफर "आजी, इकडे बघा" म्हणाला, की ती त्यालाच भिंतीवर लिहून मोकळी व्हायची, तोही तोंडात अख्खा लाडू कोंबलेला.

"एआयने करून देतो," सुदेश म्हणाला.

बघता बघता गोदाबाय गोरी झाली. कपाळावरचं गोंदण गेलं. मिश्रीने काळे पडलेले दात पांढरेशुभ्र झाले. गळ्यात कधी न घातलेला हार आला आणि ती मंद हसली. बाई जन्मात कधी मंद हसली नव्हती. ती हसायची तेव्हा पलीकडच्या आळीत कळायचं.

पंढरीला मात्र आवडलं. "बघ, कशी लक्ष्मी दिसते आय," म्हणत त्याने सरोजमावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी म्हणजे गोदाबायची धाकटी बहीण. तिने हो म्हटलं की छापायचं. त्याने फोन स्क्रीनसमोर धरला.

मावशीने चष्मा लावून नीट बघितलं.

"चांगली हाय. कोन, तुझी सासू का?"

"अगं मावशे, आय हाय ती!"

"आसंल," मावशी म्हणाली. "पन गोदा कुठं हाय?"

पंढरीचा चेहरा उतरला. वीस फुटांची आई नाक्यावर लावायची आणि तिच्या सख्ख्या बहिणीनेच तिला ओळखू नये!

शेजारी बसलेली भावना इतका वेळ आपल्या फोनमधल्या फोटोंत मागे मागे जात होती. "बाबा, हा एक आहे. पण मी भिंतीचा काढलेला. आजी मध्ये आली."

कमलेशच्या, तिच्या भावाच्या लग्नातला फोटो होता. सुदेशने तो स्क्रीनवर घेतला. बंगल्याची नवी भिंत, भिंतीला महागडा रंग आणि त्या रंगावर बिनधास्त चाललेली गोदाबाय. झाडं होती, चंद्र होता. त्याखाली जेसीबी होता, खिडकी-खिडकीत माणूस असलेला टॉवर होता, आणि टॉवरच्या पायथ्याशी पोट पुढे काढून, दोन कानांना दोन फोन लावलेला पंढरी होता. कॅमेऱ्याकडे गोदाबायची पाठ. उजवा हात वर, पुढच्या कोऱ्या भिंतीकडे निघालेला. डावा हात मागे कमरेला पुसायची तिला सवय, म्हणून लुगड्यावर पाच पांढरी बोटं उमटलेली.

"पाठ?" पंढरी भडकला. "नाक्यावर आयची पाठ लावू? लोक म्हनतील, म्हातारी गावाकडं पाठ करून गेली."

"लोकांनी आजीला असंच बघितलंय, बाबा."

"गप बस. माझी आय हाय, मला तिचं तोंड पायजे."

पंढरीच्या हातातला फोन अजून चालूच होता, स्क्रीनकडे वळलेला. पलीकडून मावशीचा बारीक आवाज आला. "गोदे..." आणि मग घाईघाईने, "पंढरी, पदर खोचाला सांग रं तिला. पिठात जातोय बघ."

पंढरीने स्क्रीनकडे पाहिलं. खरंच, पदराचं टोक पिठाच्या परातीत बुडत होतं. चिता पेटवताना तो रडला नव्हता. पाहुण्यांचं बघायचं होतं, पोलिसपाटलापासून नगरसेवकापर्यंत सगळे आलेले. आता सुदेशच्या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर, मुंडन केलेलं डोकं दोन्ही हातांत धरून तो लहान मुलासारखा रडला. भावना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मावशीही तिकडे रडत असावी, फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं.

"छाप," शेवटी तो नाक पुसत म्हणाला. "हाच छाप."

सुदेशने काम सुरू केलं. वर ठळक अक्षरांत नाव आलं, त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली आली. मग त्याचा बाण सरकत सरकत भिंतीच्या कोऱ्या भागावर जाऊन थांबला.

"ही जागा चांगली मिळाली, शेठ. घरच्या सगळ्यांचे फोटो इथे टाकतो, खाली नगरसेवक साहेबांचा. बरोब्बर बसतील."

पंढरी आईच्या वर उचललेल्या हाताकडे बघत होता.

"तिथं कोनाला नको टाकू," तो म्हणाला. "आयचं लिवाचं ऱ्हायलंय अजून."