डावा कान

सखुबाईंनी दोरी ओढली, पडदा खाली पडला आणि सुभेदार तुकोजी देवकात्यांच्या पुतळ्याला दोन कान निघाले.

राजेंद्र नगरच्या बागेत टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यांनी सूर धरला. नगरसेवक हार घेऊन खुर्चीतून उठले. सगळे खूष. एकट्या सखुबाई दोरी हातात धरून पुतळ्यातल्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. घरी येऊन पिशवी उलटी करावी आणि तळाशी सडके टोमॅटो निघावेत, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"बंद करा ते वाजवणं."

बँड थांबला. सखुबाईंनी हात वर केला की पाण्याचा टँकरसुद्धा थांबायचा, बँडचं काय घेऊन बसलात.

पुतळा समितीचा सचिव सुशांत पळत आला. "काय झालं काकू? चक्कर येतेय का? अरे पानी लाओ भिया, कोणीतरी!"

"चक्कर तुला येईल आता. हा डावा कान कुठनं आणलास?"

सुशांतनं मान खाली घातली. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा सुभेदारांचा डावा कान मुळापासून घेऊन गेला होता, हे कॉलनीत कुणाला माहीत नव्हतं? मागच्या वर्षी ते गेले. तोवर त्या बाजूला त्यांचा चष्मा नाडीनंच बांधलेला असायचा. शाळेतली पोरं खड्ड्याला बोट लावून बघायची आणि ते हसत मान वाकवून द्यायचे.

"काकू, समझा करो," सुशांत हळूच म्हणाला. "पूजेचे गुरुजी म्हणाले, खंडित मूर्ती बसवता येत नाही. कॉलनीला दोष लागतो. रोज हार पडणार, दिवा लागणार... मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, कान लावून टाकू. आणि बघा ना, दिसतायत कसले भारी!"

"मूर्ती कुणी मागितली होती रे? माणूस बसवायचं ठरलं होतं."

"हो, पण काकू..."

"त्यांनी देशाला एक कान दिला. तो तू परत आणलास. कुणाला विचारून?"

शेजारचा माईक चालूच होता. ते बोलणं बागेबाहेर, पार रिक्षावाल्यांपर्यंत गेलं. रिक्षावाले फाटकाशी येऊन उभे राहिले.

आता मुलगा उठून आला. समीर मोठ्या कंपनीत साहेब होता, पण आईपुढे त्याचा आवाज अजून दहावीतलाच निघायचा. "आई, घरी जाऊन बोलू. लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंय ना त्यांना?" सखुबाईंनी दोरी खाली टाकली. "मला बघायला आले, तेव्हा पाटावर बसायच्या आधी फेटा काढला होता तुझ्या बापानं. म्हणाले, मुलीनं आधी नीट बघून घ्यावं, मागनं फसवलं असं व्हायला नको. जन्मभर कुणापासून लपवलं नाही त्यांनी. आणि मेल्यावर तुम्ही त्यांना खोटं करून चौथऱ्यावर चढवता?"

समीर चष्मा काढून पुसत राहिला.

मागच्या रांगेत मूर्तिकार प्रजापत बसला होता. सत्काराची शाल अजून अंगावर होती. तो उभा राहिला. "माताजी, मैंने तो एक ही कान का बनाया था. आप देख के गई थीं. ये वाला तो परसों समितीवालों ने लगवाया."

"मग काढ."

"अभी?"

"नाही, पुढच्या लढाईत."

फाटकातले रिक्षावाले हसले. प्रजापतनं सुशांतकडे बघितलं, सुशांतनं गुरुजींकडे, आणि गुरुजी कडुनिंबाकडे बघायला लागले. मग प्रजापतनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, स्कूटरच्या डिक्कीतून छिन्नी-हातोडी काढली आणि चौथऱ्यावर चढला.

"सावकाश," सखुबाई म्हणाल्या. "गालाला लागू देऊ नकोस."

चार ठोके पडले. कान सुटून गवतात गेला. त्या जागी तांब्याचा रंग उडून आतलं करडं सिमेंट उघडं पडलं. या खेपेला टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागे बसलेले दोन म्हातारे मात्र खुर्च्यांना धरून उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी बाग.

सखुबाई चौथऱ्याची पायरी चढल्या. न्हावी उठून गेल्यावर घरी पुसायच्या तसा पदरानं खांद्यावरचा चुरा पुसला, मानेमागचाही पुसला. मग वळल्या.

"घाला हार."

नगरसेवक घुटमळले. "गुरुजी... चालेल ना?"

"त्यांना काय विचारता? दोष लागला तर देवकात्यांच्या घरी पाठवा. मी बघते त्याच्याकडे."

नगरसेवकांनी हार घातला, हात जोडले. मग घाईघाईनं माईकपाशी जाऊन घसा साफ केला. "आदरणीय सुभेदारजी, आज आपल्या या..."

"अहो, तिकडून नको." सखुबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. "त्या बाजूनं त्यांना ऐकू येत नाही."

नगरसेवकांनी माईक उचलला आणि पुतळ्याला वळसा घालून उजवीकडे गेले.