कवळीताईचं उत्तर

“‘हे उत्पन्न माझं नाही.’” करसल्लागाराने टाइप केलेलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि माउसवर बोट ठेवून कवळीताईकडे पाहिलं. “पाठवू?”

“थांबा. तो येऊ दे. मला त्याचं तोंड बघायचंय.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला फोन करून इथं बोलावलं होतं.

कवळीताई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. निम्म्या शहरातले म्हातारे तिच्या दातांनी जेवत होते. या सल्लागाराची खालची कवळीही तिच्याच हातची, म्हणून तो फीचं नाव न काढता तिला आलेली आयकराची नोटीस घेऊन बसला होता. मागच्या वर्षी घरभाड्याचं भरपूर उत्पन्न मिळवून तुम्ही ते दाखवलं नाही, असं नोटिशीत होतं. घर कुठलं, तर वडिलांचं. भाडं देणारा कोण, तर सख्खा भाऊ. वाचून ती आधी हसली होती आणि मग तिने दातओठ खाल्ले होते.

वडिलांचं आजारपण तिनेच काढलं. ते गेले, आणि महिन्याच्या आत एका संध्याकाळी ती कामावरून परतली तर दाराला नवं कुलूप. पायरीवर तिची बॅग. बॅगेवर एका पिशवीत वडिलांची कवळी. खिडकीतून भाऊ म्हणाला होता, “ही तूच बनवलेली ना? घेऊन जा. बाकी या घरात तुझी एक वीटही नाही.”

तेव्हापासून ती कामाच्या जागेमागच्या खोलीत राहत होती. वडिलांची कवळी टेबलावर पाण्याच्या वाटीत असायची. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि भावाला शिव्या घालायच्या, हा तिचा नेम. वकिलाने सांगून टाकलं होतं, घराचे सगळे कागद त्याच्या ताब्यात आहेत. भांडत बसाल तर निकाल लागेपर्यंत तुम्हालाच कवळी लागेल.

आणि आता ही नोटीस. आपल्या पगारातून कर कमी कापला जावा म्हणून भावाने ऑफिसात आपण भाड्याने राहतो असं दाखवलं होतं. वजावट हवी तर घरमालकाचा कर-क्रमांक लागतो. बहिणीचे कराचे कागद पूर्वी तोच भरायचा, त्यामुळे तिचा क्रमांक त्याला तोंडपाठ होता; घरमालक म्हणून त्याने तोच टाकला. कवळ्या घासणारी बाई कुठे बघायला जातेय, असं त्याने धरलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हा तर बहिणीचे दात कोरायला निघाला होता.

“आपण ‘नाही’ म्हटलं की त्याची वजावट गेली,” सल्लागार म्हणाला. “वर दंड. ऑफिसात खोटे कागद दिले म्हणून नोकरीवरही गदा.”

“येऊ दे गदा.”

भाऊ आला. शर्टाची कॉलर घामाने भिजली होती. खुर्ची असून तो बसला नाही.

“ताई, नाही म्हणू नकोस गं. कर मी भरतो, व्याज मी भरतो. तू फक्त ‘मान्य’ म्हण. माझी नोकरी जाईल.”

“एक वीटही नाही म्हणालास ना?”

“रागात बोललो.”

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याला अजून थोडा घाम फुटावा म्हणून तिने सावकाश कामाचा चष्मा काढला, पुसला, घातला.

“ऑफिसात काय दिलंस ते दाखव आधी.”

त्याने घाईघाईने भाडेकरार काढून दिला. दोघांचं म्हणणं जुळायला हवं म्हणून तो तयारीनेच आला होता. ताई तो वाचू लागली, वरचे दात खालच्यांवर बसतात का बघावं तशी, ओळीमागून ओळ. घर संपूर्णपणे तिच्या मालकीचं, भाडेकरूचा त्यावर कसलाही हक्क नाही. खाली दोन सह्या.

“हे मालकीचं कशाला लिहिलंस?”

“लिहावंच लागतं. घरात आपला वाटा असला तर वजावट देत नाहीत.”

“सही तुझीच?”

“माझीच. तुझी मात्र मी... तू कुठे दिली असतीस!”

“माझीही छान जमलीय.” ती सल्लागाराकडे वळली. “ते ‘नाही’ खोडा. ‘मान्य’ लिहा.”

सल्लागाराने करार ओढून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. “कवळीताई, एकदा पाठवलं की मागे फिरता येणार नाही. तुमच्यापैकी कुणालाच.”

“कोण फिरतंय मागे! पाठवा साहेब,” भाऊच म्हणाला.

सल्लागाराने बटण दाबलं. भाऊ मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

“ताई, तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही. कराचे किती झाले सांग.”

“राहू दे. माझ्या घराचा कर मी भरेन.”

भाऊ हसला. सल्लागार हसला नाही. ताईने कराराची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. मग भावाचंही हसू थांबलं.

“अगं, तो कागद खोटा आहे!”

“मग तसं ऑफिसात जाऊन सांग. मी नाही सांगणार.” ताई उठली. “कराराची मुदत गेल्या महिन्यातच संपलीय. घर कधी रिकामं करतोस? बाबांची कवळी जागेवर ठेवायचीय.”